30 ऑगस्टचा गणपती आणि हॉलची दारं

प्रेषक: मंडळ लायब्ररी
विषय: 30 ऑगस्टचा गणपती आणि हॉलची दारं

नमस्कार मंडळी,

हॉलचं बुकिंग झालंय, शनिवार 30 ऑगस्ट. मागच्या वर्षी सव्वातीनशे पानं उठली होती, यंदाही तेवढी धरूया. मोदक, ढोल आणि मुलांच्या नाचाची मेल वेगळी येईल. मला आज दुसरंच बोलायचंय, जरा लांब आहे पण पूर्ण वाचा प्लीज.

मार्टिन्स लॉ, म्हणजे लोक जमतात अशा जागांनी दहशतवादी हल्ल्याची तयारी ठेवावी असा इथला, ब्रिटनचा कायदा, हे नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. 22 मे 2017 ला मँचेस्टर अरीनात कॉन्सर्ट संपून लोक बाहेर पडत असताना स्फोट झाला, 22 माणसं गेली, त्यातली सगळ्यात लहान मुलगी आठ वर्षांची होती. आपल्यापैकी निम्मे लोक तिथून अर्ध्या तासावर राहतो, कित्येकांच्या मुली त्या वयाच्या होत्या. गेलेल्यांत मार्टिन हेट होता, 29 वर्षांचा. कायद्याला नाव त्याचंच, आणि त्याच्या आईचं नाव फिगेन मरी. त्यानंतर ही बाई मँचेस्टरमधल्याच एका कार्यक्रमाला गेली तर दारात कुणी तिची बॅगसुद्धा बघितली नाही, आणि तिथून तिने ठरवलं की हे असं चालणार नाही. आधी पिटिशन, मग गृहखात्याच्या फेऱ्या, सरकारं बदलली, मंत्री बदलले, ही तिथेच. मधल्या काळात तिने कौंटर टेररिझममध्ये मास्टर्स केलं. मे 2024 मध्ये अरीनापासून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत जवळजवळ 200 मैल चालत गेली, 22 मे ला पोचली, पंतप्रधानांना भेटली आणि त्याच दिवशी संध्याकाळी निवडणूक जाहीर झाली, म्हणजे बिल परत लटकलं. तरी ती मागे लागून राहिली आणि 3 एप्रिल 2025 ला कायदा झाला.

एका वेळी 200 ते 799 माणसं येऊ शकतील अशा जागांनी काय करायचं ते साधं आहे: बाहेर कसं काढायचं, बाहेर धोका असेल तर आत कसं घ्यायचं, दारं कशी लावायची, आणि लोकांना सांगणार कोण, हे आधी ठरवून ठेवायचं. 800 किंवा त्याहून जास्त असतील तर नियम कडक. कायदा झाल्यापासून लागू व्हायला निदान दोन वर्षं आहेत आणि जबाबदारी हॉल चालवणाऱ्यांची, आपली नाही. पण मला वाटतं आपण यंदापासूनच करावं. 3 तारखेच्या मीटिंगमध्ये वीस मिनिटं द्याल का?

आपली,
लायब्ररीवाली ताई

---

प्रेषक: ढोलपथक
विषय: Re: 30 ऑगस्टचा गणपती आणि हॉलची दारं

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मनातलं स्पष्ट लिहितो. वर्षातून एक दिवस लोक नऊवारी नेसून पोरांना घेऊन येतात, त्यांना दारात बॅग उघडायला लावायची आणि हल्ला झाला तर काय हे सांगायचं? माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, तो रात्री झोपणार नाही. शिवाय व्हॉलंटियर्स आहेत किती, पंधरा, त्यातले आठ किचनमध्ये. हॉलवाल्यांना दोन वर्षांनी करायचंच आहे तर तेच बघतील ना. आणि आपल्या एवढ्याशा कार्यक्रमाला कोण कशाला येतंय.

---

प्रेषक: मंडळ लायब्ररी
विषय: Re: Re: 30 ऑगस्टचा गणपती आणि हॉलची दारं

दादा, बरं झालं लिहिलंत, बाकीच्यांच्याही मनात हेच असणार.

मुलांना काहीच सांगायचं नाहीये. त्यांच्या शाळेत फायर ड्रिल होतं, ती घाबरतात का? हे आपण पंधरा जणांनी आपापसात ठरवायचं आहे.

अरीनाच्या चौकशीचा रिपोर्ट मी वाचला, सर जॉन सॉन्डर्स यांचा, तीन खंड आहेत. पहिला सुरक्षेवरचा, तो वाचून मी दोन दिवस नीट जेवले नाही. स्फोट घडवणारा माणूस कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या कोपऱ्यात मोठी बॅग घेऊन बसला होता. मुलीला न्यायला आलेल्या एका पालकाला शंका आली, त्याने तिथल्या स्टाफला सांगितलंसुद्धा. ते पुढे पोचलं नाही. एकाने रेडिओवर सांगायचा प्रयत्न केला तर तो लागला नाही. म्हणजे शंका आली होती, बोलून दाखवली होती, पण कुणाला सांगायचं आणि त्याने पुढे काय करायचं ही साखळीच नव्हती. फायर ब्रिगेड पोचायला दोन तासांच्या वर गेले आणि जखमींना जाहिरातीच्या बोर्डांवरून, बॅरिअरवरून खाली न्यावं लागलं. घरच्यांनी हे सगळं चौकशीत बसून ऐकलं, एकेक मिनिट.

आणि हे फक्त इंग्रजांचं खूळ समजू नका. 26/11 ला सीएसटीवर विष्णू झेंडे अनाउन्सरच्या केबिनमध्ये होते, त्यांनी माइकवरून लोकांना कुठल्या बाजूने बाहेर पडायचं ते सांगत राहून किती जणांना वाचवलं. कामा हॉस्पिटलमध्ये अंजली कुलथे या नर्सने वीस गरोदर बायकांना टोकाच्या छोट्या खोलीत नेलं, दारं लावली, दिवे घालवले. कायद्यात जे चार मुद्दे आहेत ना, ते या दोघांनी त्या रात्री कुणी न शिकवता केले. मला एवढंच म्हणायचंय की दर वेळी कुलथे आणि झेंडे तिथे असतीलच असं नाही.

दारात बॅगा तपासायच्या की नाही ते मीटिंगमध्ये ठरवू, माझा हट्ट नाही. पण मागच्या वर्षी मखराचे थर्माकोलचे खोके आणि जास्तीच्या खुर्च्या मागच्या फायर एक्झिटसमोर रचल्या होत्या, मीच रचल्या होत्या. ते आठवलं की पोटात गोळा येतो.

---

प्रेषक: एक सभासद
विषय: Re: Re: Re: 30 ऑगस्टचा गणपती आणि हॉलची दारं

मी या लिस्टवर सहसा लिहीत नाही.

माझा मामा 11 जुलै 2006 ला लोकलमध्ये गेला. चर्चगेटहून घरी येत होता, फर्स्ट क्लासचा पास होता. अकरा मिनिटांत सात स्फोट झाले वेस्टर्न लाइनवर. फोन लागत नव्हते, माझा भाऊ आणि वडील रात्रभर एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात फिरत होते, याद्या भिंतीवर लावत होते त्या बघत. सकाळी सापडला. मी तेव्हा इथे नवीन होतो, तिकीट काढून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

21 जुलै 2025 ला मुंबई हायकोर्टाने त्या केसमध्ये शिक्षा झालेल्या बाराच्या बारा जणांना निर्दोष सोडलं. सुप्रीम कोर्टाने त्या निकालाचा दाखला दुसऱ्या केसमध्ये वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत जायला सांगितलं नाही. माझं त्या लोकांबद्दल काही म्हणणं नाही, त्यांनी केलं नसेल तर एकोणीस वर्षं त्यांचीही गेली. पण मामी मला फोनवर म्हणाली, मग केलं कुणी रे. याला मी काय उत्तर देणार. ती दर 11 जुलैला माहीमला जाते, तिथे स्टेशनवर पाटी आहे, फुलं ठेवते आणि परत येते. सुरुवातीला खूप लोक असायचे, आता कमी झालेत, काही जणांचे आईवडील राहिले नाहीत.

इथे मी मँचेस्टर कॅथीड्रलजवळ अरीनात गेलेल्यांचं स्मारक, ग्लेड ऑफ लाइट, आहे तिथे बऱ्याचदा जातो, ऑफिसपासून जवळ पडतं. पांढऱ्या दगडाचं गोल कडं आहे आणि त्यावर 22 नावं. प्रत्येक नावाशी एक छोटं ब्राँझचं हृदय बसवलंय, त्यात घरच्यांनी दिलेल्या आठवणींच्या वस्तू आहेत. चौकशी सुरू झाली 2020 मध्ये, तेव्हाही साक्षीपुरावे लगेच सुरू केले नाहीत, आधी घरच्यांना एकेका माणसाबद्दल बोलू दिलं, तो कसा होता, त्याला काय आवडायचं. आमच्या मामाबद्दल कुणी विचारलं नाही तो कसा होता. त्याला श्रीखंडापेक्षा बासुंदी आवडायची आणि तो पेटी छान वाजवायचा. हे कुठेतरी लिहायचं होतं, इथे लिहितोय, माफ करा.

दादा, तुम्ही विचारलंत कोण कशाला येतंय. मामीलाही तसंच वाटत होतं, रोजची गाडी, रोजचा डबा. ताई म्हणतायत तेवढं करूया. आणि 21 ऑगस्ट हा संयुक्त राष्ट्रांनी दहशतवादाच्या बळींच्या स्मरणासाठी ठेवलेला दिवस आहे, गणपतीच्या आदल्या आठवड्यात येतो. कार्यक्रम नको. त्या दिवशी ज्याला जमेल त्याने संध्याकाळी सहाला ग्लेडपाशी यावं. मी असेन.

---

प्रेषक: मंडळ सेक्रेटरी
विषय: Re: Re: Re: Re: 30 ऑगस्टचा गणपती आणि हॉलची दारं

सर्वांना नमस्कार. उत्तर द्यायला उशीर झाला, शेवटची मेल वाचल्यावर लगेच काही लिहिता येईना.

3 तारखेला वीस नाही, चाळीस मिनिटं ठेवतोय. हॉलच्या मॅनेजरशी बोललो. मागच्या दाराची किल्ली शनिवारी केअरटेकरकडे असते आणि तो दुपारी दोनला घरी जातो, म्हणजे मागच्या वर्षी आरतीच्या वेळी ते दार बाहेरून आत यायला उघडताच आलं नसतं. किल्ली यंदा आपल्याकडे राहील. माइक स्टेजवरच्या माणसाकडेच राहील, मुलांच्या हातात जाणार नाही. काही झालं तर घोषणा मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, कारण आजीआजोबा असतात. दोन वाक्यं लिहून माइकला चिकटवून ठेवू. पोलिसांचं एसीटी ई-लर्निंग, म्हणजे दहशतवादी हल्ल्याबद्दल सावध कसं राहायचं त्याचं ट्रेनिंग, ऑनलाइन फुकट आहे, व्हॉलंटियर्सनी 30 च्या आधी करा आणि झालं की मला कळवा. खोके आणि खुर्च्या स्टेजच्या खालच्या खोलीत जातील.

21 ला सहा वाजता मीही येतोय.

---

प्रेषक: ढोलपथक
विषय: Re: Re: Re: Re: Re: 30 ऑगस्टचा गणपती आणि हॉलची दारं

ट्रेनिंग काल रात्री केलं, बायकोनेही केलं. मी जे लिहिलं त्याबद्दल सॉरी, विशेषतः मामांबद्दल वाचल्यावर.

ढोल साडेचारला संपतो, त्यानंतर मागच्या दाराशी मी उभा राहतो, किल्ली माझ्याकडे द्या. आरतीचा आवाज तिथपर्यंत येतो. प्रसाद मात्र कुणीतरी आणून द्या.

21 ला मुलाला घेऊन येऊ का? त्याला नावं वाचता येतात आता.