मदत हवी आहे : केनियातल्या मसाई मारा अभयारण्याचं तिकीट पहिल्याच दिवशी काढावं का?

नैरोबीहून ऑगस्टमध्ये ओव्हरलँड ट्रकची (प्रवासी, तंबू, शिधा सगळं एकाच ट्रकमध्ये) सफारी आहे. 14 जण, तंबूत मुक्काम. पहिला दिवस असा : सकाळी 7 ला निघणं, माई माहिऊ गावाच्या आधी रिफ्ट व्हॅली या मोठ्या खोल दरीचा कडा, नारोक गावात डिझेल, पाणी, भाजी, मग माराचं सेकेनानी गेट. कागदावर दुपारी 2. पण घाटात मालट्रक अडले की 4 वाजतातच.

अडचण तिकिटाची. 2024 पासून माराचं तिकीट 24 ऐवजी 12 तासांचं झालंय, सकाळी 6 ते संध्याकाळी 6. जुलै ते डिसेंबर परदेशी प्रौढाला 200 डॉलर. चारला आत शिरलो तर दोन तासांसाठी पूर्ण पैसे! म्हणून पहिली रात्र गेटबाहेरच्या कॅम्पवर काढून सहाच्या ठोक्याला आत जावं, असं माझं मत. गटातल्या काहींना मात्र पहिल्याच संध्याकाळी सिंह हवाय. अलीकडे जाऊन आलेल्यांनी सांगा, गेटवर सकाळी रांग किती लागते?

दुसरं, तंबू. उजेड असतानाच उभारायला हवेत, कारण विषुववृत्ताजवळ सूर्य मावळला की लवकरच मिट्ट काळोख होतो. काळ्या चिकणमातीत खुंट्या धरतात का, की लांब लोखंडी न्याव्यात? रात्री गारठा असतो. साधी चादर पुरेल की स्लीपिंग बॅगच हवी?

शिधा कापडी पिशव्यांत भरतोय, केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे. पोहे, मेतकूट, थालिपिठाची भाजणी आहेच. ट्रकच्या गॅसवर लोखंडी तवा नीट तापतो का?