कपाटातला कुबट वास जाता जात नाहीये, काय करू?

तळमजला_रत्नागिरी:
मंडळी, रत्नागिरीत तळमजल्यावर राहते. बेडरूममधलं प्लायचं वॉर्डरोब भिंतीत फिट केलंय आणि त्याच भिंतीपलीकडे बाथरूम. जुलै लागला की आत कुबट वास, ह्यांच्या बेल्टवर पांढरी बुरशी, कपडे हाताला सर्द लागतात. डांबरगोळ्या टाकल्या, कापूर ठेवला, आता दार उघडलं की कापूर अधिक कुबट असा मिक्स वास येतो 😅 सासूबाईंची पैठणीपण आत आहे म्हणून जास्त जीव वरखाली होतोय. डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं मशीन) घ्यावा का?

खिडकीतला_पाऊस:
एवढ्यात नको. डांबरगोळ्या नि कापूर किडीसाठी, ओलीला त्यांचा काही उपयोग नाही. आधी ओल भिंतीतून येतेय का हवेतून ते बघा. कपाटाशेजारी त्याच भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने गच्च लावा, दोन दिवस राहू दे. प्लास्टिकच्या आतून थेंब धरले तर भिंत पाणी पितेय, मग आधी प्लंबर, नाहीतर कितीही मशीन लावा प्लाय कुजणारच. आतून कोरडं राहिलं तर बहुतेक हवेचाच दोष.

नऊवारी_फॅन:
पैठणी प्लास्टिकच्या कव्हरमध्ये असेल तर आजच काढा बाई!! धुतलेल्या मलमलीत गुंडाळायची, डांबरगोळी जरीला टेकू द्यायची नाही, जर काळी पडते. अधूनमधून घडी मोडायची, उघडीप मिळाली की सावलीत वाऱ्यावर टाकायची. आमच्याकडे वेखंडाची पुरचुंडी पण ठेवतात. आणि कपाटाची दारं दिवसभर उघडी ठेवा, हवा खेळली की वास जातो

खिडकीतला_पाऊस:
@नऊवारी_फॅन पैठणीचं पटलं पण दारं उघडी ठेवायचं पावसात नाही पटत. बाहेरचीच हवा ८५-९० टक्के दमट असते, ती आत घेऊन काय सुकणार, बुरशीला तर ७० च्या वर गेलं की पुरतं. खोलीच्या खिडक्या बंद करून एसी ड्राय मोडवर लावायचा आणि *तेव्हा* कपाट उघडायचं. छोटा ह्युमिडिटी मीटर ऑनलाइन मिळतो, तो कपाटात ठेवा म्हणजे अंदाजपंचे चालायला नको.

डोंबिवलीकर_७७:
+१. एसी नसेल तर कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, ओल ओढतात नि खाली पाणी जमतं. सगळ्यात खालच्या कप्प्यात सपाट ठेवा, कलंडला तर कपड्यांची वाट, बिजागऱ्या पण गंजतात. डबा दार बंद असतानाच काम करतो हां, उघडं ठेवलंत तर अख्ख्या रत्नागिरीची हवा सुकवत बसेल. बुरशी आधी पुसून घ्या, तोंडाला मास्क बांधून, आणि इस्त्रीचे गरम कपडे लगेच आत कोंबू नका.

तळमजला_रत्नागिरी:
प्लास्टिक लावलं काल. सकाळीच आतून थेंब दिसतायत 😭 प्लंबरला फोन केलाय, "पाऊस थांबला की बघू" म्हणतो. तोवर पैठणी आईकडे, तिचं घर वरच्या मजल्यावर आहे. बाकीच्या कपड्यांसाठी डबे मागवते. त्यातलं पाणी झाडांना चालेल का?

डोंबिवलीकर_७७:
अजिबात नको, खारट असतं, झाडं जळतील. बेसिनमध्ये ओता नि वर भरपूर पाणी सोडा.