नेत्याच्या नावावरील वाक्याचा पुरावा कोणी द्यायचा?

मूळ लेखन

एखाद्या राजकीय नेत्याचे म्हणून वादग्रस्त वाक्य पुढे केले जाते, त्याचा संदर्भ विचारला की ‘त्यांनी असे म्हटलेच नाही हे तुम्ही सिद्ध करा’ असे उत्तर येते आणि चर्चा उलटी फिरते. माझ्या मते जो वाक्य उद्धृत करतो त्यानेच ते कुठे, कधी आणि कोणासमोर उच्चारले गेले हे सांगितले पाहिजे. न बोललेली गोष्ट बोलली गेली नाही, हे सिद्ध करण्याचा भार कोणावरही टाकणे अन्यायाचे आहे.

‘शिक्षणाने इंग्रज, संस्कृतीने मुसलमान आणि जन्माच्या अपघाताने हिंदू’ हे वाक्य पंडित नेहरूंनी स्वतःविषयी लिहिले असे सांगताना त्यांच्या आत्मचरित्राचा हवाला दिला जातो. आत्मचरित्रात ते नाही. ते आढळते हिंदू महासभेचे नेते डॉ. ना. भा. खरे यांच्या लेखात, जो रफिक झकेरिया यांनी संपादित केलेल्या नेहरूंविषयीच्या १९५९ च्या लेखसंग्रहात आहे. काँग्रेसच्या वरिष्ठ नेतृत्वाशी झालेल्या संघर्षातून १९३८ मध्ये मध्य प्रांताचे प्रमुखपद गमावलेल्या, पुढे कडवे विरोधक झालेल्या गृहस्थांच्या लेखणीतले हे शब्द नेहरूंची कबुली म्हणून वापरले जातात, आणि त्यावर नेहरूंचे संपूर्ण मूल्यमापन उभे केले जाते.

ब्रिटिश अधिकारी मेकॉले याचे उदाहरण तर तारखेवरच कोसळते. ‘भारतभर फिरलो, पण एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही’ हे भाषण त्याने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत केले असे सांगतात. त्या वेळी तो भारतात होता, आणि ती तारीख त्याच्या शिक्षणविषयक टिपणाची आहे. त्या टिपणात भारतीय वाङ्मयाविषयीची त्याची तुच्छता उघडपणे लिहिलेली असताना बनावट भाषणाची गरज का पडावी?

पहिला प्रतिसाद

आपली उदाहरणे मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही. नोंद ठेवण्याची साधने सत्तेच्या हाती असतात, त्यामुळे लेखी पुराव्याचा आग्रह शेवटी सत्ताधाऱ्यालाच सोयीचा ठरतो. लोकसभेच्या कामकाज नियमावलीतील नियम ३८० नुसार अध्यक्ष सभागृहात उच्चारलेले शब्द कामकाजातून वगळू शकतात. म्हणजे शब्द बोलले गेले, अनेकांनी ऐकले, पण अधिकृत अहवालात ते नाहीत. ब्रिटिश संसदेचा हॅन्सार्ड हा अहवालही काटेकोर अर्थाने शब्दशः नसतो, त्यात पुनरुक्ती गाळलेली आणि उघड चुका दुरुस्त केलेल्या असतात. प्रचारसभेत, रात्रीच्या बैठकीत किंवा बंद दाराआड झालेल्या चिथावणीची तर नोंदच होत नाही, आणि ज्यांना तिचे परिणाम भोगावे लागतात त्यांच्याजवळ स्वतःच्या आठवणीखेरीज काहीच नसते. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या शीखविरोधी हिंसाचाराच्या संदर्भातील राजीव गांधींच्या ‘मोठा वृक्ष कोसळला की धरती हादरते’ या वाक्याची चित्रफीत सर्वांसमोर यायला २०१५ उजाडले. तोपर्यंत ते वाक्य सांगणाऱ्यांना आपण गप्प बसवले असते काय?

मूळ लेखकाचे उत्तर

मुळीच नाही, कारण त्या वाक्याला पहिल्यापासून पत्ता होता: १९ नोव्हेंबर १९८४, दिल्लीतील बोट क्लबवरील जाहीर सभा. मी सरकारी शिक्का मागत नाही. तारीख, ठिकाण, ऐकणारा किंवा छापणारा, आणि शक्य असल्यास मागचे-पुढचे वाक्य, एवढेच मागतो. साक्षीदाराची आठवण हाही पुरावा आहे. मात्र ‘अमुक व्यक्तीने हे ऐकल्याचे सांगितले आहे’ असे लिहावे, ते अवतरणचिन्हांत घालून नेत्याच्या नावावर निश्चित करू नये.

दुसरा प्रतिसाद

मला हा सगळा काथ्याकूट वाटतो. चर्चिल यांनी ‘सत्ता लुच्च्या-लफंग्यांच्या हाती जाईल’ हे नेमके याच शब्दांत म्हटले की नाही, याने काय बिघडते? भारतीय नेतृत्वाविषयी त्यांचे मत तसेच होते हे सर्वज्ञात आहे. शब्द खोटे असले तरी त्यांतून माणसाची खरी ओळख होते.

तिसरा प्रतिसाद

बिघडते ते असे की त्यामुळे चर्चिल यांच्या समर्थकांना आयती सुटका मिळते. हे वाक्य त्यांच्या भाषणांत सापडत नाही एवढे त्यांनी दाखवले की बाकीचा आरोपही निकालात निघाल्यासारखा वाटतो. वास्तविक ६ मार्च १९४७ रोजी कॉमन्स सभागृहात चर्चिल यांनी भारतातील राजकीय वर्गाला निःसत्त्व, गवताच्या पुतळ्यांसारखी माणसे ठरवले आणि काही वर्षांत त्यांचा मागमूसही उरणार नाही असे भाकीत केले. हे हॅन्सार्डमध्ये नोंदलेले आहे. एवढे कठोर आणि सिद्ध विधान हाताशी असताना असिद्ध वाक्यावर टीका उभी करणे म्हणजे आपलाच पक्ष दुबळा करणे होय. शिवाय ‘आशय खरा आहे’ हा निकष मान्य केला तर आपल्याला न आवडणाऱ्या कोणत्याही नेत्याच्या तोंडी काहीही घालता येईल, आणि उद्या समोरचाही तेच करील.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

आशयाच्या नावाखाली शब्द बनवू नयेत, हे मला मान्य आहे. पण नेत्याच्या नकाराचे काय? १९७१ मध्ये वाजपेयींनी इंदिरा गांधींना दुर्गा म्हटले असे सांगितले जाते, आणि आपण तसे म्हटलेच नव्हते असे त्यांनी नंतर स्पष्ट केले. तेथे मी त्यांच्यावर विश्वास ठेवीन, कारण तशी नोंद कोणी पुढे ठेवलेली नाही. परंतु ‘माझ्या विधानाचा विपर्यास केला’ असे म्हणून चित्रफितीतले शब्दही झटकणारे नेते आहेत. नकार आला म्हणून विषय संपला असे धरू नये. नकार छापावा आणि त्याच्याशेजारी उपलब्ध नोंदही छापावी.

मूळ लेखकाचे उत्तर

हे मी पूर्णपणे स्वीकारतो. त्याला एक पुरवणी जोडतो: शोधूनही काही हाती लागले नाही तर ‘आढळले नाही’ असे लिहावे, ‘म्हटलेच नाही’ असे नव्हे. फक्त आपल्या पक्षाच्या नेत्याचे वाक्य असेल तेव्हा एक शब्दयोजना आणि विरोधकाचे असेल तेव्हा दुसरी, असे होऊ नये.