वय ४४: ठोसा येताना दिसतो, पण हात वेळेवर उठत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी भुसावळचा. कॉलेजात असताना ६४ किलो गटात विद्यापीठाकडून खेळलो, नंतर नोकरी आणि संसार. गेली सहा वर्षं संध्याकाळी पोरांना बॉक्सिंग शिकवतो. पत्र्याची शेड आहे, त्यामुळे मे महिन्यात साडेसातच्या आत कुणी ग्लोव्ह्ज चढवू शकत नाही.

मागच्या आठवड्यात यावलकडच्या एका १९ वर्षांच्या पोरासोबत स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत केली. बापासोबत केळीचे घड वाहून त्याचे खांदे आयतेच तयार झालेत. त्याने सलग तीन जॅब (पुढच्या हाताचे सरळ, झटपट ठोसे) टाकले. तिन्ही मला दिसले. खरंच दिसले, खांदा हलला तेव्हाच कळलं होतं. अडवता आला एकच. दोन सरळ कपाळावर. पोरगं घाबरून थांबलं, "सर, लागलं का?" मला लागल्याचं काही नाही, पण त्या रात्री झोप आली नाही.

गंमत बघा, बॅगवर माझा उजवा आजही पूर्वीसारखाच बसतो. शेडमधला एकही पोरगा बॅग तेवढी हलवत नाही. मग ताकद आहे आणि वेग गेला, असं होतं का? की हे सरावाने परत येतं? जॉर्ज फोरमन १९९४ साली ४५ व्या वर्षी हेवीवेट चॅम्पियन झाला. बर्नार्ड हॉपकिन्सने तर ४९ व्या वर्षी लढत जिंकून विजेतेपदाचे दोन पट्टे एकत्र केले. मग मला दिवाळीत जुन्या-नव्या खेळाडूंच्या मैत्रीपूर्ण सामन्यात तीन राउंड का झेपू नयेत? बायको धुळ्याकडची आहे, ती एकच सांगते: "आते बस करा, पोरं मोठी व्हई ग्यात."

स्पॅरिंगनंतर दोन-दोन दिवस डोकं जड राहतं, पण ते उन्हामुळे असेल. काय सराव करू ते सांगा.

तापीकाठ:
दादा, मी ५२ चा. फौजेत खेळलो, आता नंदुरबारला असतो. तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर पकडलंय. आधी वेग जातो, ताकद सगळ्यात शेवटी. स्नायूंतले झटपट आकुंचन पावणारे तंतू वयानुसार बारीक होत जातात. वजन ढकलायला जो जोर लागतो तो बराच टिकतो, पण तोच जोर क्षणात काढायचा म्हटलं की कमी पडतो. बॅग पळत नाही, ती तुमची वाट बघते. म्हणून बॅगवर सगळं ठीक वाटतं.

फोरमनचा तो सामना पुन्हा बघा. नऊ राउंड तो गुणांवर मागे होता, जॅब खात होता. प्रतिस्पर्धी मायकल मूरर समोर स्थिर उभा राहीपर्यंत थांबला आणि दहाव्यात उजव्या हाताने संपवलं. पोरापेक्षा जलद व्हायचा प्रयत्नच त्याने केला नाही. उलट रॉय जोन्स बघा. हात खाली ठेवून, निव्वळ नजरेच्या चपळाईवर मागे झुकून ठोसे चुकवायचा. २००४ मध्ये ३५ व्या वर्षी टार्व्हरने दुसऱ्याच राउंडमध्ये पाडलं, त्याच वर्षी ग्लेन जॉन्सननेही. हॉपकिन्सचं तसं नव्हतं. हनुवटी झाकलेली, अंतर मोजून, नको तिथे मिठी मारून समोरच्याची लय मोडायची. ज्याचा खेळ पायांच्या जागेवर आणि अंदाजावर उभा असतो, तो जास्त टिकतो.

तुमच्यासाठी: ग्लोव्ह खाली ठेवून ठोसा आल्यावर उचलू नका, आधीपासून गालाला लागलेला ठेवा. अर्धं पाऊल जास्त लांब उभे राहा. पाय सगळ्यात आधी जातात, म्हणून आठवड्यातून दोनदा बैठका आणि छोट्या जोरकस धावा करा. मध्ये पूर्ण विश्रांती घ्या, आपल्या वयात अंग सावरायला जास्त दिवस लागतात. रोज कसून घाम काढला की उलट मंदावतो माणूस.

जळगाव_फिजिओ:
सरावाचं नंतर बोलू. डोकं दोन दिवस जड राहणं उन्हामुळे आहे असं गृहीत धरू नका. वयानुसार मेंदू थोडा आकसतो. मेंदू आणि कवटीच्या आवरणामधल्या बारीक शिरा त्यामुळे ताणल्या जातात आणि धक्क्याने फाटू शकतात. रक्त हळूहळू साचतं, कधीकधी लक्षणं काही आठवड्यांनी दिसतात. हेडगार्डने कातडी फुटणं कमी होतं, मेंदूचं आत हलणं थांबत नाही. उलटी, बोलताना अडखळणं, एका बाजूला अशक्तपणा, नको इतकी झोप, यातलं काही आहे का? आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का?

मूळ धागाकर्ता:
उलटी वगैरे नाही. गोळी आहे. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला, तेव्हापासून रोज. सामन्याचं डॉक्टरांना कधी सांगितलं नव्हतं.

जळगाव_फिजिओ:
मग आजच जा, सोमवारची वाट बघू नका. गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नका, ते हृदयासाठी धोक्याचं आहे. तिथे गोळी आणि कपाळावरचे ठोसे, दोन्ही आधी सांगा.

तापीकाठ:
दादा, मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. मला ही गोष्ट विचारायला हवी होती.

मूळ धागाकर्ता:
काल रात्रीच सीटी स्कॅन करून आलो. रक्तस्राव दिसला नाही. पण डोक्याला मार बसेल असं काहीही बंद, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दिवाळीच्या सामन्यातून नाव काढलं. त्या पोराला शेडमध्ये बसवून सगळं सांगितलं. तो बराच वेळ ग्लोव्ह्जच्या नाड्या सोडत बसला होता.

डॉक्टरांनी पोरांचे ठोसे झेलायला हातात पॅड धरायला महिनाभरानंतर हरकत नाही म्हटलंय. पण त्याचा उजवा पॅडवर घेताना माझं कोपर मागे जातं आणि खांदा रात्रभर ठणकतो. पॅड धरताना हात कुठे ठेवायचा, पुढे नेऊन ठोशाला भेटायचं की जागेवर थांबायचं? तापीकाठ दादा, तुम्ही पोरांसाठी कसं धरता ते सांगाल का?