घरी बनवायच्या खुल्या इंटरनेट फोनसाठी कोणता मायक्रोकंट्रोलर घ्यावा?

प्रश्न

नमस्कार. घरापासून बागेतल्या खोलीपर्यंत नेटवर्कची केबल आम्ही पूर्वीच टाकलेली आहे. तिच्यावर चालणारे दोन टेबलफोन स्वतः बनवावेत आणि त्यांचे सर्किट व प्रोग्राम खुल्या परवान्याने सर्वांना उपलब्ध करून द्यावेत, असा विचार आहे. मधल्या जोडणीसाठी एका जुन्या संगणकावर ॲस्टरिस्क हे टेलिफोन एक्स्चेंजचे काम करणारे सॉफ्टवेअर चालू आहे. फोन एसआयपीने (कॉल जोडण्या-तोडण्याच्या संदेशांची पद्धत) नोंदवायचा आणि आवाज जी.७११ मध्ये (आवाज आकड्यांत मांडण्याची पद्धत) पाठवायचा, एवढेच सध्या हवे आहे. माझ्याकडे आर्डुइनो युनो हा लहान मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधला छोटा संगणक) आणि त्याला केबलच्या नेटवर्कला जोडणारा ईएनसी२८जे६० चा बोर्ड आहे. त्यावर भागेल का? न भागल्यास ईएसपी३२, आरपी२०४० आणि एसटीएम३२एफ४०७ यांपैकी काय घ्यावे? स्पीकरफोन मात्र हवाच, कारण आईला रिसीव्हर फार वेळ धरवत नाही.

प्रतिसाद १

युनोवर भागणार नाही, आणि त्याचे कारण आवाज हे नाही. जी.७११ मध्ये सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे २० मिलिसेकंदांच्या पॅकेटमध्ये १६० बाइट आवाज आणि त्यावर आरटीपी, यूडीपी व आयपी या नेटवर्कच्या नियमांनुसार लागणाऱ्या पत्ता-क्रमांकाच्या माहितीचे मिळून ४० बाइट असतात. अशी ५० पॅकेटे सेकंदाला जातात. उशिरा येणाऱ्या पॅकेटांसाठी १०० मिलिसेकंदांचा साठा ठेवला, तरी ८०० बाइट पुरतात. रॅम खाते ती एसआयपी. कॉल सुरू करणारा एकच संदेश सहज हजार बाइटांच्या आसपास जातो, तो मजकूर वाचायचा, पासवर्डची पडताळणी करायची, उत्तर न आल्यास पुन्हा पाठवायचा. आणि युनोची सगळी रॅम २ किलोबाइट.

मी एसटीएम३२एफ४०७ घेईन. १६८ मेगाहर्ट्झ, १९२ किलोबाइट रॅम, आवाजाच्या चिपशी जोडणारी आयटूएस ही सोय आहे आणि इथरनेटचा (केबलच्या नेटवर्कचा) मॅक, म्हणजे पॅकेटांची देवघेव सांभाळणारा भागही चिपमध्येच आहे. बाहेर फक्त लॅन८७२० सारखी फाय चिप, म्हणजे केबलवर प्रत्यक्ष संकेत पाठवणारी चिप लागते. नेटवर्कसाठीचे एलडब्ल्यूआयपी आणि एकाच वेळी अनेक कामे चालवणारे फ्रीआरटीओएस या दोन्ही सॉफ्टवेअरचा सोर्स पूर्ण खुला आहे. याच चिपच्या डिस्कव्हरी या तयार बोर्डावर इथरनेटची फाय नसते, हे विकत घेण्याआधी लक्षात घ्यावे.

प्रतिसाद २

वरील मत मान्य आहे, पण ईएसपी३२ बाजूला टाकू नये. दोन कोर, २४० मेगाहर्ट्झ, ५२० किलोबाइट रॅम, आणि मूळ ईएसपी३२ मध्येही इथरनेट मॅक आहे, त्यामुळे तोच लॅन८७२० इथेही जोडता येतो. नावातल्या फरकाकडे मात्र नीट पाहावे: ईएसपी३२-एस३ आणि ईएसपी३२-सी३ मध्ये हा मॅक नाही. बाहेरून येणारे ५० मेगाहर्ट्झचे घड्याळ (कामाचा ठेका देणारा संकेत) जीपीआयओ० या पिनवर द्यावे लागते आणि चिप चालू होताना बूटची पद्धतही तीच पिन ठरवते, म्हणून फायचे घड्याळ उशिरा सुरू होईल अशी सोय सर्किटमध्ये करावी लागते.

वाय-फायवर मी असा फोन चालवला, तेव्हा आवाज सारखा तुटत असे. वीज वाचवण्यासाठी रेडिओ मधूनमधून झोपतो आणि पॅकेटे तोवर राउटरकडे अडकून राहतात, हे शोधायला मला दोन आठवडे लागले. ती सोय बंद करताच आवाज सुरळीत झाला.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. सगळे खुले असावे, हा माझा आग्रह आहे. त्या कसोटीवर दोन्ही चिपा सारख्याच उतरतात का?

प्रतिसाद १

नाही. ईएसपी३२ चे बहुतेक सॉफ्टवेअर खुले असले, तरी वाय-फायचा गाभा तयार बायनरी स्वरूपात मिळतो. तुमच्याकडे केबल आहे, म्हणून तो भाग तुम्हाला लागणारच नाही. परंतु तुमचे सर्किट घेऊन पुढे कोणी वाय-फाय वापरू लागला, तर त्याला ती अडचण येईल, म्हणून माहितीपत्रात तसे स्पष्ट लिहावे.

खरा कस स्पीकरफोनचा आहे. त्यात स्पीकरचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो. असा ६४ मिलिसेकंदांचा प्रतिध्वनी पुसायचा, तर ५१२ गुणकांचा फिल्टर प्रत्येक नमुन्याला चालवून सुधारावा लागतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ८२ लाख गुणाकार. एफ४०७ च्या कॉर्टेक्स-एम४ या प्रोसेसरमध्ये गुणाकार-बेरजेच्या खास सूचना असल्याने हे काम त्याला पेलते. आरपी२०४० च्या कॉर्टेक्स-एम०+ मध्ये त्या नाहीत, शिवाय इथरनेटही बाहेरून जोडावे लागते. मायक्रोफोन आणि स्पीकर एकाच घड्याळावर चालतील अशी डब्ल्यूएम८९६० सारखी एकच कोडेक चिप (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारी) घ्यावी. दोघांची घड्याळे वेगळी असतील, तर फिल्टर कधीच स्थिर होत नाही.

दोन फोनांची घड्याळे मात्र वेगळी असणारच. दहा लाखांत ५० इतका फरक असला, तरी सुमारे ४०० सेकंदांत एक पूर्ण पॅकेट शिल्लक उरते किंवा कमी पडते. म्हणून शांततेच्या क्षणी थोडे नमुने गाळण्याची किंवा वाढवण्याची सोय पहिल्या दिवसापासून लिहावी आणि चाचणीचा कॉल किमान अर्धा तास चालू ठेवावा. मिनिटभराच्या कॉलमध्ये हा दोष दिसत नाही.