पीओपीला हात लावणार नाही म्हणणारा सोळा वर्षांचा मुलगा: घराने त्याचं ऐकावं का?

वडखळकर:

माझ्या बहिणीचं सासर हमरापूरच्या बाजूला. घरचा गणपतींचा कारखाना, भाच्याची ही तिसरी पिढी. पेण, हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात बाराही महिने हेच काम चालतं हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. भाच्याची यंदा दहावी झाली. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड आहे, हात लहानपणापासून मातीत. निकाल लागल्यावर त्याने घरात सांगून टाकलं की बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला शिल्पकला शिकायची आहे, आणि तोवर कारखान्यात काम करीन ते फक्त शाडूचं. प्लास्टरच्या मूर्तीचं घासकाम नाही, रंग नाही, डोळ्यांची आखणीसुद्धा नाही.

आखणीवर सगळं अडलंय. मूर्ती कितीही सुबक असली तरी डोळे चुकले की गिऱ्हाईक दुसऱ्या पाटाकडे वळतं. घासायला, रंग मारायला माणसं मिळतात, डोळे आखणारा हात सहजी मिळत नाही. भाऊजींची नजर आता कमी झाली आहे आणि ते या मुलाच्या हातावर विसंबून होते.

त्याने स्वतःची एक मूर्ती केली आहे, साच्याशिवाय. बाप्पाला मुकुट नाही, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. एक गुडघा उभा, त्यावर कोपर टेकवलेलं, दुपारच्याला खारबंदिस्तीवर, म्हणजे खाडीच्या बांधावर, माणसं बसतात तसं. सोंडेत भाताची लोंबी. पोटावर बोटांचे ठसे दिसतात, ते त्याने मुद्दाम ओल्या फडक्याने पुसले नाहीत.

प्लास्टर नको म्हणण्याचं त्याचं कारण साधं आहे. शाळेतून विसर्जनानंतर नदीकाठ साफ करायला नेत असत. तिथे त्याला आपल्याच कारखान्यातल्या वळणाची सोंड सापडली. आपल्या साच्यातली मूर्ती घरचं माणूस अर्ध्या तुकड्यावरूनही ओळखतं.

माझं मत: त्याला कारखान्याचा एक कोपरा आणि एक हंगाम द्यावा, प्लास्टरसाठी जबरदस्ती करू नये. मात्र शाडूच्या मूर्तींचा जमाखर्च त्यानेच लिहावा, तोटा आला तर तोही त्याच्याच वहीत दिसावा. घरात हे कोणालाच पटत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

घासकाम:

मी याच धंद्यातला आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमचं मत चुकीचं आहे.

शाडू भावनगरकडून येते. वाहतूक धरून ती कारखान्यात पडते केवढ्याला ते भाऊजींना विचारा. प्लास्टर रबरी साच्यात ओतलं की अर्ध्या तासाच्या आत मूर्ती बाहेर. शाडूची मूर्ती वाळायला दिवसच्या दिवस, आणि जून-जुलैत आमच्याकडची हवा कशी असते हे तुम्हाला सांगायला नको. घाई केली की तडा जातो. वजन दुप्पट, टेम्पोत एक खड्डा लागला की हात निखळतो. परदेशी जाणारा माल तर पावसाच्या कितीतरी आधी बोटीवर चढवावा लागतो.

वर कायद्याची टांगती तलवार. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टर नको म्हटलं. २०२५ च्या जानेवारीत हायकोर्टाने अंमलबजावणी कडक करा म्हटलं, जूनमध्ये मूर्ती करायला आणि विकायला परवानगी दिली पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन नको, मग जुलैत ६ फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच असं ठरलं. या सहा महिन्यांत आम्ही कर्ज काढून भरलेला कच्चा माल समोर ठेवून बसलो होतो. अशा वेळी घरातला मुलगा म्हणतो हात लावणार नाही! त्याची शाळा, त्याचे रंग, त्याचे कॅनव्हास, सगळं प्लास्टरनेच भरलंय. बापाच्या कामाला तो पाप म्हणतोय, हे त्याला कळतं का?

मृण्मयी:

पाप म्हणाल्याचं धाग्यात कुठेच नाही. मी करणार नाही, एवढंच तो म्हणाला. यातला फरक मोठ्यांनी ओळखायला हवा.

आपण मुलांना पर्यावरणाचा विषय शिकवतो, प्रकल्प करून घेतो, त्याला गुण देतो. एखाद्याने तो खरा मानला की म्हणतो, आधी घर बघ. मग शिकवायचंच कशाला? माझ्या मते त्या मुलाने बरोबर केलंय आणि त्याच्या वडिलांनी यंदापासून प्लास्टर पूर्ण बंद करावं. कोणीतरी पहिलं पाऊल टाकल्याशिवाय बाजार बदलत नाही.

घासकाम:

यंदापासून बंद म्हणजे ऑर्डरी घेतल्यात त्यांचं काय? ॲडव्हान्स परत कुठून करायचा? पुण्यात बसून पाऊल टाका म्हणणं सोपं आहे. तुमच्या घरी दीड फुटाची शाडूची मूर्ती तुम्ही किती रुपयांना घेतली तेही सांगा.

रसायन_ठाणे:

थोडं रसायनशास्त्र. जिप्सम तापवून त्यातलं बरंचसं पाणी काढलं की प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यात पाणी घातलं की ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसतं. म्हणून पाण्यात ते विरघळत नाही म्हटलं तरी चालेल, महिनोन्महिने तसंच राहतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती विरघळवायची रीत काढली आणि पुणे महापालिकेने ती वापरलीही. खाली खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेट उरतो, वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, म्हणजे खत. घरच्या लहान मूर्तीला हा रस्ता चांगला आहे.

पण मला त्या मुलाला विचारायचंय ते वेगळं. त्याचा आक्षेप प्लास्टरला आहे की नदी खराब होण्याला? नदीला असेल तर आधी रंगांकडे बघ म्हणावं. शिसं, क्रोमियम असलेले रंग शाडूच्या मूर्तीवर मारले तर ते पाण्यात उलट लवकर सुटतात, कारण खालची माती लगेच विरते. आणि शाडूही कुठून तरी खणूनच आणलेली असते, हजारो मूर्तींचा गाळ एका तलावात बसला तर तोही काढावाच लागतो. शाडू म्हणजे निर्दोष असं समजून त्याने आयुष्याचा निर्णय घेऊ नये.

वडखळकर:

हा मुद्दा त्याला वाचून दाखवला. त्याने टॉवेलवाल्या बाप्पाला रंगच दिलेला नाही, टॉवेलावर गेरू आणि डोळ्यांना काळी रेघ, बस. गिऱ्हाईक असं घेणार नाही हे त्यालाही कळतं. पण रंगाचा विचार आपण एवढा केला नव्हता, असं म्हणाला आणि तुमचा प्रतिसाद फोनवर मागून घेतला.

ओली_माती:

मी शिल्पकलाच शिकलो आहे, म्हणून लिहितोय. त्याची साच्याबाहेर पडण्याची धडपड मला फार आवडली. बोटांचे ठसे ठेवणं म्हणजे हा हात कोणाचा ते सांगणं आहे आणि या वयात ते सुचणं ही मोठी गोष्ट आहे. पण प्लास्टरला हात लावणार नाही या हट्टाने तो शिल्पकार कसा होणार? मातीत घडवायचं, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यातून प्लास्टरची प्रत, मग पुढे ब्राँझ किंवा फायबर, असं काम चालतं. जे. जे.ला शिल्पकलेच्या वर्गात प्लास्टरच्या पोत्याशिवाय पान हलत नाही.

त्याला सासवण्याला न्या. अलिबागजवळ आहे, तुमच्यापासून लांब नाही. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांचं घर आता संग्रहालय आहे. १८९१ चा जन्म, घरात गणपती घडवले जायचे, म्हणजे तुमच्या भाच्यासारखीच सुरुवात. कुलाबा जिल्ह्याचे (आताचा रायगड) तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी या मुलाने काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र पाहिलं आणि त्याला जे. जे.ला पाठवलं. पुण्यातला १९२८ चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा करमरकरांचाच. पण सासवण्याला गेल्यावर बघायचं ते सिमेंट. साधी कोळीण, गुरं, घरची माणसं, सगळं सिमेंटमध्ये. कुठलंच साहित्य त्यांनी हलकं मानलं नाही.

वडखळकर:

ओली_माती, तुमचं त्याला फार लागलं, चांगल्या अर्थाने. रात्रभर विचार करून सकाळी मला म्हणाला, "मामा, जे पाण्यात टाकायचंय ते मी प्लास्टरमध्ये करणार नाही. जे ठेवायचंय ते करीन." मला वाटतं आधीपेक्षा हे जास्त नेमकं आहे, आणि चर्चेत पडल्यामुळेच ते झालं. सासवण्याला पुढच्या रविवारी जातोय.

जोशीबुवा:

प्लास्टर, शाडू यावर तज्ज्ञ बोलले. मला टॉवेलबद्दल बोलायचं आहे. पूजेची मूर्ती ही करणाऱ्याची अभिव्यक्ती नसते. ज्याच्या घरी ती बसणार त्याच्या मनातलं रूप त्यात उतरावं लागतं. आसन, आयुधं, वरदहस्त यांना अर्थ आहे. त्या मुलाने शेतातल्या माणसासारखा बाप्पा घडवला असेल तर ते उत्तम शिल्प आहे, घरात ठेवा, प्रदर्शनात मांडा. पण मी त्याची प्राणप्रतिष्ठा करणार नाही. परंपरेत राहून स्वतःचं काही देता येतं, आखणीत ते सगळ्यात जास्त दिसतं. तीच तो सोडतोय याचं मला वाईट वाटतं.

मृण्मयी:

गुरुजी, दरवर्षी बाजारात मालिकांमधल्या वेशातले गणपती येतात, त्यांची प्रतिष्ठापना होतेच की. शेतात राबणाऱ्या माणसाच्या रूपात गणपती आला तर काय बिघडलं?

जोशीबुवा:

त्या मूर्तींनाही माझा विरोधच आहे आणि यजमानांना मी तसं तोंडावर सांगतो. शेतकऱ्याच्या रूपाबद्दल मनात कमीपणा नाही. खारेपाटात, म्हणजे आमच्या या खाडीकाठच्या पट्ट्यात, माझी अर्धी यजमान मंडळी शेतीच करतात, आणि त्यांनाच घरात पीतांबर नेसलेला, मुकुट घातलेला बाप्पा हवा असतो. वर्षातून एकदा घरात वैभव यावं ही त्यांची इच्छा असते. त्या मुलाने हेही ऐकून घ्यावं.

रंगकाम_जोहे:

सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट कोणीच विचारली नाही म्हणून लिहितेय.

मी आठवीपासून रंगकाम करते. आधी माहेरी, मग सासरी. सोवळं, शेला, अंगाचा रंग, हिरे चिकटवणं. आमच्याकडे घरोघरी बायकाच करतात. जेवणं आटपली की बसायचं, हंगामात रात्रीचा एक वाजतो, स्प्रेचा वास नाकातून जात नाही. मला कधी कोणी विचारलं नाही की तुला प्लास्टर पटतं का, तुला पुढे काय करायचंय. चित्रकला मलाही येत होती. परीक्षेचा फॉर्म भरला होता, पण परीक्षा गणपतीच्या तोंडावर आली आणि मी बसले नाही.

त्या मुलाने ब्रश खाली ठेवला तर तो जमिनीवर पडून राहणार नाही. त्याची आई उचलेल. त्याला बहीण असेल तर ती उचलेल. त्याचा निर्णय त्याला महागात पडत नाहीये, त्यांना पडतोय. वडखळकर, तुम्ही मामा आहात, तुमच्या बहिणीचं काय चाललंय ते लिहिलंच नाहीत.

वडखळकर:

तुमचा प्रतिसाद वाचून ताईला फोन केला. तुम्ही म्हणता तसंच आहे. मुलाच्या वाटणीचं घासकाम आणि रंग ती करते, सकाळी साडेपाचला उठून पुन्हा डबे. तक्रार तिने केली नाही, उलट "त्याला त्याचं करू दे" हेच म्हणाली. भाची कॉलेजात आहे, तीही बसते. तिने कधी काही मागितलं नाही म्हणून तिचा विषयच कधी निघाला नाही. याला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही.

मृण्मयी:

रंगकाम_जोहे, तुमचं वाचून मी माझं आधीचं "बंद करा" मागे घेते. बंद केल्यावर तुमचं काय, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

रंगकाम_जोहे:

बंद करा असं मीही म्हणत नाही आणि त्याने प्लास्टर करावं असंही नाही. त्याचं म्हणणं मला पटतं, माझ्या मुलाने म्हटलं असतं तर आनंदच झाला असता. पण मग त्याने आईचा दुसरा भार घ्यावा. हंगामाचे महिने सकाळची चूल त्याची. पाणी भरणं, भांडी, आजीचं औषधपाणी त्याचं. बहिणीला रोज दोन तास अभ्यासाला मोकळं सोडायचं, तेवढा वेळ तिच्या वाटणीचं घरकाम त्याने करायचं. तत्त्व त्याचं आहे तर त्याची झळ त्यानेच सोसावी. मुलगा आहे म्हणून स्वयंपाकाला नाही म्हणाला, तर मग त्या नदीच्या कळवळ्यावर माझा विश्वास बसणार नाही.

ओली_माती:

याच्याशी पूर्ण सहमत. भाचीलाही सासवण्याला न्या.

वडखळकर:

दोघांनाही नेतो. चुलीचं त्याला सांगितलं, हो म्हणाला. डाळ-भात येतो, भाकरी थापायला शिकेन म्हणाला. भाऊजी मात्र अजून बोलत नाहीत त्याच्याशी.

घासकाम:

भाऊजी बोलणार नाहीत, मीही बोललो नसतो. चुलीने आखणीचा प्रश्न सुटत नाही. हंगामात बाहेरचा आखणीवाला आणला तर तो नगावर पैसे घेतो आणि चार कारखाने फिरत असतो, आपल्या मूर्ती रात्री दोनला होतात नाहीतर होतच नाहीत. तो खर्च मुलाच्या वहीत लिहिणार का? तुम्ही जमाखर्च त्याने लिहावा म्हणालात, ते मला पटलं होतं, पण मग सगळाच लिहा. शाडूचं पोतं आणायचं भाडं, वाळवायला अडलेली जागा, तडे गेलेल्या मूर्ती, त्याच्या हाताचे दिवस, आणि हा आखणीवाला. नुसती टॉवेलवाली नको, पूजेला चालेल अशी एक फुटाची शाडूची मूर्ती त्याला केवढ्याला पडते तो आकडा इथे टाका. तो बघितल्याशिवाय माझं मत बदलणार नाही.