सातभाईंच्या थव्यातलं हे पिल्लू चातकाचं की पावशाचं? ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सध्या वीण ऐन भरात आहे आणि आमच्या नेहमीच्या बांधावर सातभाईंचा एक थवा परक्या पिल्लाला भरवतोय. पिल्लू घरट्याबाहेर आलंय, पण लांब उडत नाही. बाभळीच्या खालच्या फांदीवर बसून पंख थरथरवत सारखं ओरडतं आणि तीन-चार सातभाई आळीपाळीने अळ्या, नाकतोडे आणून त्याच्या चोचीत कोंबतात. अंगाने ते सातभाईएवढंच किंवा किंचित मोठं, शेपूट लांब.

कोकिळेची शंका नाही, ती कावळ्यांकडे जाते. उरतात चातक आणि पावशा. दोघेही मुख्यतः सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात, दोघांची अंडी त्यांच्यासारखीच निळी, आणि पंचाईत अशी की दोघेही याच भागात आहेत. पहाटे पावशाचं 'पेर्ते व्हा' ऐकू येतं, आणि चातकाची जोडी तारेवर बसलेली दिसते.

मोठे पक्षी ओळखायला काहीच अडचण नाही. चातक काळा-पांढरा, तुरेवाला, पावशा शिक्र्यासारखा (शिक्रा म्हणजे छोटा शिकारी ससाणा). पिल्लू मात्र दोन्हींसारखं दिसत नाही. पाठ मळकट तपकिरी आहे. डोक्यावरची पिसं विस्कटलेली, त्यामुळे तो तुरा म्हणावा की नुसतीच फुगलेली पिसं, हे कळत नाही. पंख फडफडवताना फिकट ठिपका चमकल्यासारखा वाटला. तो खरोखर पंखावरचा पांढरा पट्टा असेल तर चातक नक्की, पण ऊन समोरून येत होतं. पावशाच्या पिल्लाच्या छातीवर तपकिरी फराटे आणि शेपटीवर आडवे पट्टे हवेत. छाती मला नीट दिसलीच नाही, पानं आड येतात.

अजून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. याच थव्यात सातभाईंची स्वतःची दोन पिल्लंही आहेत. मोठ्यांचे डोळे पांढुरके असतात, यांचे गडद आहेत, म्हणून ती वेगळी ओळखू आली. चातकाचं पिल्लू यजमानांची पिल्लं घरट्याबाहेर ढकलत नाही, पावशाचं बहुधा ढकलतं. यावरून माझा कल चातकाकडे आहे. पण ही दोन पिल्लं त्याच थव्यातल्या दुसऱ्या जोडीची असू शकतील का? तसं असेल तर हा पुरावा बाद होतो.

जाणकारांना विचारायचं ते असं: या वयात सगळ्यात भरवशाची खूण कोणती? शेपटीचं टोक खालून पांढरं दिसलं तर तेवढ्यावर चातक म्हणता येईल का? दोघांच्या पिल्लांच्या भूक मागण्याच्या आवाजात फरक कुणी टिपलाय का? आणि ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) विणीचा कोड, म्हणजे वीण दिसल्याची खूण, पिल्लाच्या नावापुढे टाकायचा, सातभाईंच्या, की दोन्हींच्या?

मी बांधाच्या अलीकडूनच दुर्बिणीने बघतो. पुढे सरकलं की सातभाई कलकलाट करतात आणि भरवणं थांबवतात, त्यामुळे 'जवळून फोटो काढा' किंवा 'रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून बघा' हे सल्ले मला नकोत. परक्या पिल्लाला वेगळं काढण्याचाही प्रश्न येत नाही, तेही याच रानातलं आहे.

दुर्बिणीला मोबाईल लावून काढलेले फोटो खाली जोडतोय. धूसर आहेत, पण तिसऱ्यात शेपूट बरी दिसते. ज्यांनी दोन्ही पिल्लं या वयात पाहिली आहेत, त्यांनी कृपया तो फोटो आधी बघावा.